जोडणाऱ्याचा हात

॥ श्री घृष्णेश्वर प्रसन्न ॥

छत्रपती संभाजीनगर
१२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप दादास,
वच्छलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या कानाचं मशीन पुन्हा बंद पडलं असं जीपवाला गोकुळ सांगत होता. म्हणून फोनच्या नादी न लागता कागद घेतला. तसंही फोनवर मी ओरडते आणि सगळ्या गल्लीला कळतं, एक तुला सोडून.

काम असं आहे. संस्कृतीला पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या नकाशांचं काम देऊ केलंय. इमारती कॉम्प्युटरवर उभ्या करायच्या, आतून बाहेरून फिरून बघता येतील अशा. डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं पोरगी याचीच वाट बघत होती. अट एकच. दमदार डेस्कटॉप स्वतःचा पाहिजे, आणि १३ ऑक्टोबरला ते व्हिडिओवर तपासणार. त्या दिवशी चालू नसला तर काम दुसऱ्याला. यांनी आधीच सांगून ठेवलंय, "हे काम नाही झालं तर दिवाळीनंतर स्थळं बघायची. दोन वर्षं लई झाली." ते पोरीनं ऐकलंय. तेव्हापासून ती जेवताना वर बघत नाही.

आता वाद असा की तयार घ्यायचा का सुटे भाग आणून जोडायचा. हे म्हणतात क्रांती चौकातल्या शोरूममधून तयार घ्या. "बिल मिळतं, भांडायला समोर माणूस असतो."

संस्कृती म्हणते, "पप्पा, भांडायला घेतोय का काम करायला? तेवढ्याच पैशात जोडलेला दीडपट चालतो."

जोडणारा म्हणजे बुद्धभूषण. तिच्या वर्गातला मुलगा, संध्याताईंचा. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत त्याचं टेबल आहे, तिथं बसून कॉम्प्युटर जोडून देतो. बोलणं कमी, हात साफ. पण हे त्याच्या देखत म्हणाले, "शोरूमच्या मागं कंपनी असते. तुझ्या मागं कोण आहे?" तो मान खाली घालून चहा प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला. मला कसंतरी झालं.

मी वहीत दोन रकाने पाडले. तयार चौऱ्याहत्तर हजार, सुटा बासष्ट. पैसे माझ्या शिवणाचे आणि भिशीचे आहेत, म्हणून निर्णय माझ्या गळ्यात घातलाय. बिघडला तर ऐकूनही मीच घ्यायचं. मी दहावी पास बाई, मला यातलं काय कळतं? तू जन्मभर रेडिओ उघडलेस. तूच सांग.

वहिनींना नमस्कार.
तुझी
वच्छला


अजिंठा
१७ सप्टेंबर

चि. वच्छलास आशीर्वाद.

कॉम्प्युटर मी शाळेतला दोनदा उघडलेला बघितला. तेवढ्यावर सांगतो.

तयार डबा शोरूममध्ये देव येऊन जोडत नाही. तिथंही कुणीतरी पोरगाच जोडतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही. दाजींना न दिसणाऱ्या माणसाचा भरवसा आहे आणि समोर कप विसळणाऱ्याचा नाही, त्याला आपण काय करणार.

जोडून घे. पण एक अट. यंत्राला हात एकच लागला पाहिजे, जोडणाऱ्याचा. दुकानातून आलेला डबा त्यानंच उघडायचा, त्यानंच बसवायचा. मधे कुणी नाही, तू नाही, दाजी नाहीत, पोरगी पण नाही. दोन हात लागले की बिघाड कुणाचा ते कळत नाही आणि मार ज्याच्या हातावर पोट आहे तो खातो. हे मी पुस्तकातून नाही सांगत.

पाणी यंदा लई झालं. मका झोपली. तब्येत बरी.

बद्रीनाथ


॥ श्री घृष्णेश्वर प्रसन्न ॥

छत्रपती संभाजीनगर
२८ सप्टेंबर

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं, कप विसळण्याचं वाक्य सोडून. शेवटी मी जोडून घ्यायचं ठरवलं. हे म्हणाले, "करा. तेरा तारखेला मी घरीच आहे, बघतो."

काल बुद्धभूषण आणि संस्कृती सगळं घेऊन आले. सात डबे. प्रोसेसर म्हणजे मेंदू, तो पारल्याच्या बिस्किटापेक्षा लहान आणि सगळ्यात महाग. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर सगळं बसतं ती पाटी. मी म्हटलं, "हिला मदर का म्हणतात?" तर बुद्धभूषण म्हणाला, "सगळे हिच्यावरच बसतात ना, मावशी." संस्कृती किती दिवसांनी हसली!

दसऱ्याच्या दिवशी जोडायचं ठरलं. त्याला मुहूर्ताचं काही नाही, पण माझ्यासाठी थांबला. तोवर सातही डबे देवघरात, पाटावर ठेवलेत. तू सांगितल्याप्रमाणे "हात एकच" हे सगळ्यांना बजावलंय. यांनी एक डबा हलवून बघितला तर मी ओरडले.

बुधवारी खंडेनवमी. शिवणयंत्र, कात्री, विळी, यांची पान्यांची पेटी, सगळं घासून ठेवलंय.

तुझी
वच्छला


॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर
४ ऑक्टोबर

दादा,

कॉम्प्युटर चालू होत नाही.

दसऱ्याला सकाळी बुद्धभूषण आला, हात धुतले, दोन तास शांतपणे जोडत बसला. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. पुन्हा दाबलं, काळा. सगळं सोडून पुन्हा जोडलं, काळा. आम्ही आपट्याची पानं घेऊन उभे होतो ती हातातच राहिली.

काल तो आणि संस्कृती पाटी घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं भिंगातून बघितलं. प्रोसेसर बसतो त्या खाचेत केसासारख्या बारीक शेकडो पिना असतात. त्यातल्या चार-पाच वाकल्यात. तो म्हणाला, "ही कंपनीची चूक नाही, बसवताना वाकवलीय. बदलून मिळणार नाही." वर बुद्धभूषणला म्हणाला, "हात नवा असला की असं होतं." कोपऱ्यातल्या पिनांना काहीतरी तांबूस लागलंय असंही तो म्हणाला, गंज असेल म्हणे.

घरी आल्यावर हे जे बोलले ते लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "मी विचारलं होतं, तुझ्या मागं कोण आहे. आता सांग."

तो म्हणाला, "काका, माझ्याच हातून झालं असणार. मी जपून बसवला होता, पण झालं असणार. नवी पाटी मी आणून देतो." कुठून आणणार? ती पाटी आता शहरात कुणाकडं नाही, मागवली तर पंधरा तारखेच्या आत येत नाही. तेरा तारखेला नऊ दिवस राहिले.

संस्कृती पुण्याला काय कळवायचं ते कागदावर लिहिते आणि फाडते.

दादा, वाकलेल्या पिना सरळ होतात का? तू रेडिओतल्या तारा सुईनं सरळ करायचास. गोकुळच्या जीपमधून पाठवतेय, त्याच्याच हातून उत्तर दे.

वच्छला


अजिंठा
५ ऑक्टोबर

वच्छला,

पिना सरळ होतात. भिंग, चिमटा, सुई, आणि घाई नको.

पण आधी मला सांग. कोऱ्या डब्यातून निघालेल्या पाटीला गंज कसा लागतो? आणि तो पण कोपऱ्यात, तांबूस?

खंडेनवमी मधे येऊन गेली. सातही डबे तुझ्या देवघरात होते.

ते आठवतं का? मी बावीस वर्षांचा होतो, तू दहाची. शाळेच्या मास्तरांचा रेडिओ दुरुस्तीला आलेला, माझं पहिलं मोठं काम. नवमीच्या दिवशी त्याचं मागचं झाकण उघडं ठेवून मी विहिरीवर गेलो. आल्यावर आत पाण्याचे थेंब आणि कुंकू. लावून बघितला तर धूर. बाबांनी चार माणसांत सांगितलं, "याच्या हाताला बरकत नाही." वर्षभर कुणी साधी टॉर्च दिली नाही मला दुरुस्तीला.

तेव्हा मला ऐकू येत होतं. तू काही बोलतेस का ते मी ऐकत होतो.

उत्तर गोकुळजवळच दे.

बद्रीनाथ


छत्रपती संभाजीनगर
७ ऑक्टोबर

दादा,

काय पण काढतोस. इतकी वर्षं झाली. मी लहान होते, मला काय आठवणार.

खंडेनवमीला डब्यांना कुंकू लावलं, सगळेच लावतात. बाहेरून लावलं. दुकानदार गंज म्हणाला म्हणजे गंजच असेल, त्याला जास्त कळतं का तुला?

इथं काय चाललंय ते ऐक. काल संध्याताई येऊन गेल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "भूषण जेवत नाही. दोन गिऱ्हाइकांची कामं परत केली. हात बघत बसतो." आणि हळदीच्या डब्याएवढी एक पुरचुंडी माझ्या हातात द्यायला लागल्या, कानातलं होतं त्यांचं. पाटीच्या बदल्यात. मी घेतलं नाही, पण त्यांना आत पण बोलवता आलं नाही मला. दार धरून उभी राहिले नुसती.

रोज देवापुढं बसते, पण जपाची माळ पुढं सरकत नाही.

तू ये आणि दुरुस्त कर. बाकीचं विचारू नको.

वच्छला


अजिंठा
८ ऑक्टोबर

वच्छला,

शनिवारी सकाळच्या जीपनं येतो. भिंग, चिमटा, स्पिरिट घेऊन येतो.

तोवर तू घरात बोललेली असशील, बुद्धभूषणच्या समोर, तर डबा उघडीन. नसशील तर चहा घेईन आणि परतीच्या जीपनं निघीन. पोरीचं काम गेलं तरी निघीन. एका पोराच्या हाताचं नुकसान मी एकदा बघितलंय. पुन्हा तसं होऊ द्यायला मदत करणार नाही.

त्याला बोलवून ठेव.

बद्रीनाथ


॥ श्री घृष्णेश्वर प्रसन्न ॥

छत्रपती संभाजीनगर
१४ ऑक्टोबर

तीर्थरूप दादास,
वच्छलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी तू आमच्याच घरात होतास, तुझ्या डोळ्यांसमोर सगळं झालं. तरी लिहितेय, कारण तुला ते ऐकू आलेलं नाही. आणि तुला एक कबूल करायचंय.

तू आलास, चपला काढल्यास, आणि दारातच माझ्याकडं बघून भुवई वर केलीस. बोललीस का? मी मान हलवली. व्हय म्हणून.

मी बोलले नव्हते, दादा. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. शनिवारी सकाळी बुद्धभूषण आला तेव्हाही म्हटलं, चहा झाल्यावर बोलू. मग तू आलास आणि मी तुला फसवलं. देवघराच्या दारात उभी राहून फसवलं.

तू बसलास, प्रोसेसर काढलास, डोळ्याला भिंग लावलंस, चिमटा हातात घेतलास. आणि नुसता वाकून बसलास. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हात हलेना. मला वाटलं भिंगातून नीट दिसत नसेल.

हे म्हणाले, "बघा. आता म्हाताऱ्या माणसाला अजिंठ्याहून यावं लागलं. कुणाच्या करणीनं?"

बुद्धभूषण भिंतीला टेकून होता. तो म्हणाला, "माझ्या, काका." इतकं सरळ म्हणाला, जसं नाव सांगतात.

 मी तुझ्या मागंच उभी होते. म्हटलं, "त्याच्या नाही. माझ्या."

मग थांबता आलं नाही. सगळं सांगितलं. खंडेनवमीला डब्यांना कुंकू लावलं आणि मनात आलं, खोक्याला काय लावायचं, आतल्या यंत्राला लावायला पाहिजे. शिवणयंत्राचं कव्हर काढूनच पूजा करतो की. मग पाटीचा डबा उघडला. मधोमध काळं झाकण दिसलं, बाजूला लोखंडी दांडी. ती दाबली तर झाकण वर आलं. आत सोन्याचं शेत पेरल्यासारखं. मला वाटलं हाच गाभारा. ओलं कुंकू बोटानं लावलं, ते आत उतरलं. घाबरून पदरानं पुसायला गेले, तर जरीची किनार अडकली. ओढली. सुटली. झाकण होतं तसं दाबून बसवलं, दांडी लावली, डबा बंद केला. नमस्कार केला आणि कुणाला सांगितलं नाही. तू हात लावू नको म्हणाला होतास. पण मला वाटलं, पूजेचा हात म्हणजे काही हात लावणं नव्हे.

 मग यांनी विचारलं, "दहा दिवस तू हे पोटात ठेवलंस? मी त्याला बोलत होतो तेव्हा तू भाजी चिरत होतीस." मी म्हटलं, "व्हय."

बुद्धभूषण भिंतीपासून उठून उभा राहिला. आपले दोन्ही हात त्यानं पुढं धरले, उलटे सुलटे करून बघितले. म्हणाला, "म्हणजे मावशी, मी बरोबर बसवला होता?"

"बरोबर बसवला होतास."

"पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच, बाळा."

तो बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. हे त्याच्या मागं गेले. काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारणार पण नाही. आत आले तेव्हा यांनी त्याच्यासाठी स्वतः पाण्याचा तांब्या भरला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, यांनी तांब्या भरलेला मी पहिल्यांदा बघितला.

संस्कृती मात्र माझ्याकडं न बघता स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "आई, मला एकटीला तरी सांगायचं होतंस." 

पुढचं तू बघितलंस. तू पिना उचलल्यास, स्पिरिटनं कुंकू काढलंस, बुद्धभूषणनं पुन्हा सगळं बसवलं. बटणापाशी येऊन तो थांबला होता, ते तू बघितलंस. पण काय बोलणं झालं ते ऐक. मी विचारलं, "तुमच्यात नवीन यंत्र आलं की काय करतात?" तो म्हणाला, "बटण दाबतो, मावशी. आज तुम्ही दाबा." मी म्हटलं, "माझा हात नको." तर म्हणाला, "बाहेरून चालतो."

म्हणून मी दाबलं. पडद्यावर अक्षरं आली तेव्हा तू टाळी वाजवलीस आणि दचकलं कुणी नाही, कारण सगळेच रडत होते.

काल तेरा तारीख झाली. पुण्याच्या बाईंनी अर्धा तास तपासलं. संस्कृतीनं एक अख्खी इमारत त्यांच्या समोर गोल फिरवून दाखवली. एक तारखेपासून काम सुरू. ती माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते. पण आज सकाळी कुंकवाचा करंडा मागितला, आणि कॅबिनेटच्या वरच्या पत्र्यावर, बाहेरून, एक बोट लावलं. मी लांब उभी राहिले.

संध्याताईंकडं जाऊन आले. त्यांनी आत बोलवलं. चहा झाल्यावर कप मी विसळला.

आता राहिलेलं. मास्तरांच्या रेडिओत तीर्थ आणि कुंकू मी टाकलं होतं. मला चांगलं आठवतं. बाबा बोलत होते तेव्हा मी दाराआड होते, आणि तू माझ्याकडं बघितलं होतंस. हे पत्र वहिनींना मोठ्यानं वाचायला सांग. तुला नाही ऐकू आलं तरी घरात ते ऐकलं गेलं पाहिजे.

दारात मान हलवल्याबद्दल क्षमा कर.

तुझी
वच्छला


अजिंठा
१७ ऑक्टोबर, वसुबारस

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

पत्र हिनं वाचलं. मोठ्यानं. मग शेजारच्या कडुबाला बोलवून पुन्हा वाचलं, मी नको म्हणत असताना.

तू दारात मान हलवलीस ती खोटी होती हे मला तिथंच कळलं. कान गेलेत, डोळे नाही. तू लहानपणी पण खोटं बोलताना मान जरा जास्तच हलवायचीस.

तरी डबा उघडला, कारण पोरगी समोर उभी होती. पण पिनेला चिमटा लावला नव्हता. समोर तिचा मोठा पडदा होता, बंद, काळाकुळीत. त्यात माझ्या मागची सगळी खोली दिसत होती. दाजी खुर्चीत, पोरगा भिंतीला, आणि तू.

मी भिंगातून बघतच नव्हतो. पडद्यात बघत होतो. लई वेळ तू नुसती उभी होतीस. परतीची जीप बाराला आहे, एवढंच माझ्या मनात होतं.

मग तुझं तोंड हललं. दाजींची मान तुझ्याकडं वळली. पोरगा भिंतीपासून सुटा झाला.

तेव्हा पहिली पिन उचलली.

बद्रीनाथ